गाठ दुधाचीच, हे हाताने ठरवू नका: सांगली जिल्ह्यातले डॉक्टर, सिस्टर आणि आशाताईंना खुले पत्र

जिल्ह्यात बाळंतपणं करणारे सर्व डॉक्टर, आरोग्यसेविका सिस्टर आणि आशाताई,

सप्रेम नमस्कार.

ऑगस्टचा पहिला आठवडा आला की आपल्या उपकेंद्रांत स्तनपान सप्ताहाची पोस्टरं लागतात. बाळाचे फायदे सांगून झाले की खाली आईसाठी एक ओळ असते: अंगावर पाजल्याने स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो. ओळ खरी आहे. नर्सिंगच्या मुलींना मी ती वर्षानुवर्षं शिकवली, आजही शिकवीन. पण वाचणारी बाई घरी जाताना त्यातून भलतंच घेऊन जाते. "मला पोर झालंय, मी पाजतेय, म्हणजे मला ते व्हायचं नाही." आणि खरं सांगायचं तर आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यातही हेच बसलेलं असतं. म्हणून बाळंतिणीच्या छातीत गाठ लागली की आपलं निदान तयार असतं, दुधाची गाठ. या तयार निदानाबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी पक्कं काय आहे ते सांगते. बाळंतपण आणि स्तनाचा कॅन्सर यांचा काहीतरी संबंध आहे हे तीनशे वर्षांपूर्वीच लोकांच्या नजरेला आलं होतं. इटलीतले डॉक्टर बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७१३ साली लिहून ठेवलं की मठात राहणाऱ्या नन्सना हा आजार इतर बायकांपेक्षा जास्त होतो. १९२६ साली इंग्लंडमध्ये जेनेट लेन-क्लेपन या डॉक्टरबाईंनी आजार झालेल्या पाचशेच्या आसपास बायका आणि न झालेल्या तितक्याच बायका घेऊन लग्नाचं वय, मुलं, पाजणं, सगळं विचारून ताडून पाहिलं. १९७० मध्ये ब्रायन मॅकमहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सात ठिकाणांची माहिती एकत्र केली आणि मुद्दा नेमका केला: पहिलं मूल कोणत्या वयात झालं याला फार महत्त्व आहे. पुढे २००२ साली ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा मिळून हिशेब निघाला. प्रत्येक बाळंतपणामागे धोका साधारण ७ टक्क्यांनी कमी, आणि पाजण्याच्या प्रत्येक १२ महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी कमी. पोस्टरवरची ओळ इथून आली.

मॅकमहन यांचा निष्कर्ष असा की अठराच्या आत पहिलं मूल झालेल्या बाईचा धोका पस्तिशीनंतर पहिलं मूल झालेल्या बाईच्या सुमारे एक तृतीयांश असतो. हे वाक्य मी वर्गात सांगायचे तेव्हा पुढचं वाक्य लगेच जोडायचे, कारण आपला जिल्हा मला माहीत आहे. कॅन्सर टळावा म्हणून पोरीचं लग्न लवकर उरकायचं, असा अर्थ यातून कुणी काढू नये. अठराच्या आतलं बाळंतपण पोरीच्या जिवावर कसं बेततं हे तुम्हीच लेबर रूममध्ये बघता.

आता उरलेली अर्धी गोष्ट. ती कोणत्याच पोस्टरवर नसते.

बाळंतपणाने मिळणारं हे संरक्षण लगेच मिळत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १५ पाहण्यांमधल्या जवळजवळ नऊ लाख बायकांची माहिती एकत्र केली गेली. त्यात दिसलं ते असं: मूल झाल्यानंतरची काही वर्षं धोका उलट वाढलेला असतो. पाचेक वर्षांनी तो सर्वांत जास्त असतो, त्याच वयाच्या मूल न झालेल्या बाईच्या १.८ पट. मग हळूहळू उतरतो, आणि बाळंतपणानंतर साधारण २४ वर्षांनी मूल झालेल्या आणि न झालेल्या बायकांचा धोका सारखा होतो. पोस्टरवरचा फायदा त्यानंतर सुरू होतो. म्हणजे पंचविशीतल्या बाळंतिणीला आपण जे वचन देतो ते तिच्या पन्नाशीतलं असतं. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट नोंदली आहे: अंगावर पाजलं म्हणून मधल्या वर्षांतला हा चढ पुसला जात नाही. पाजू नये असा याचा अर्थ मुळीच नाही. पाजणारीला गाठीची सूट नाही, एवढाच अर्थ.

१.८ पट ऐकून कुणी घाबरू नये. तरुण वयात हा आजार मुळातच कमी, त्यामुळे कमीचे पावणेदोन पट म्हणजेही कमीच. ४१ ते ४५ वयाच्या एक लाख बायका घेतल्या, तर तीन ते सात वर्षांपूर्वी बाळंत झालेल्यांत मूल न झालेल्यांपेक्षा ४१ जणी जास्त सापडल्या. पहिलं मूल उशिरा झालेल्यांत आणि घराण्यात हा आजार असलेल्यांत हा चढ जास्त होता. उशिरा म्हटलं की लोकांना परदेशच आठवतो, पण विश्रामबागेतल्या, विट्यातल्या किती मुली आज पुण्यात नोकरी करून बत्तिशीत, चौतिशीत पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात ते आपण बघतोच.

असं का होतं? वयात आल्यावरही स्तनातल्या दुधाच्या ग्रंथी कोवळ्याच असतात. पहिलं गरोदरपण पूर्ण भरल्यावरच त्या पक्व होतात, आणि पक्व पेशींचा कॅन्सर व्हायची शक्यता कमी. हा लांबचा फायदा. पण पक्व होण्याआधी नऊ महिने हार्मोन्सच्या जोरावर सगळ्याच पेशी भराभर वाढतात. एखादी बिघडलेली पेशी आधीपासून तिथे असेल तर तीही वाढते. मग पाजणं थांबलं की दुधाची सगळी यंत्रणा शरीर मोडीत काढतं, आणि हे काम जखम भरण्याच्या पद्धतीने चालतं. तासगावच्या बागायतदाराला हे चटकन कळेल. छाटणी बागेच्या भल्यासाठीच असते, पण ताज्या कापातून रोग शिरू नये म्हणून तो तेवढे दिवस डोळ्यांत तेल घालून असतो. बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत सापडलेला कॅन्सर इतरत्र पसरायला जास्त तयार असतो, त्यामागे ही मोडणी असावी असं संशोधक मानतात.

गरोदरपणात किंवा त्यानंतरच्या वर्षभरात सापडणाऱ्या कॅन्सरला पाठ्यपुस्तकात वेगळं नाव आहे. प्रमाण साधारण तीन हजार गरोदरपणांत एक असं दिलेलं असतं. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाखांवर होती. वर्षाला तीस हजार बाळंतपणं धरली, तर दरवर्षी दहा बायका. एकेका उपकेंद्राच्या सिस्टरला नोकरीभरात एखादी भेटेल किंवा भेटणारही नाही. म्हणूनच ती ओळखू येत नाही.

माझ्या पाहण्यातली एक सांगते. जत तालुक्यातली. मूल आठ महिन्यांचं, मांडीवर बसून पदर ओढत होतं. तिच्याकडे कापडाच्या दुकानाची कॅरीबॅग होती. त्यात अर्ध्या संपलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स, रबर लावून गुंडाळलेले केसपेपर, आणि सासूने दिलेली निर्गुडीच्या पाल्याची पुरचुंडी. केसपेपरवर दर ठिकाणी अक्षर वेगळं, मजकूर एकच: स्तनदा माता, छातीत गाठ, अँटिबायोटिक पाच दिवस. ताप एकाही कागदावर लिहिलेला नव्हता, कारण तिला ताप आलाच नव्हता. लाली नव्हती. दुखत तर अजिबात नव्हतं. तरी प्रत्येकाने तिला दुधाच्या सुजेचंच औषध दिलं. शेवटी एका ठिकाणी सांगितलं, "दूध तोडा, मग बघू." तिने तोडलं. पोर वरच्या दुधावर गेलं, दूध आटलं, गाठ जिथल्या तिथे. ती माझ्यासमोर बसली तेव्हा काखेतही गाठी लागत होत्या.

ती आज आहे. केमो झाली, ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) घेऊन झाले, गोळ्या चालू आहेत. मला त्या डॉक्टरांना दोष देत बसायचं नाही. एकेकट्याने बघितलं तर त्यांचं प्रत्येकाचं चुकलं असं म्हणता येत नाही, कारण गरोदरपणात किंवा पाजताना लागणाऱ्या दहापैकी आठ गाठी खरंच साध्या असतात. पण एकाचा केसपेपर दुसऱ्याने वाचला असता तर दुसऱ्यांदा अँटिबायोटिक गेलं नसतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. गरोदर किंवा पाजणाऱ्या बाईच्या स्तनातली गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर सोनोग्राफी. दुधाची सूज असेल तर ताप असतो, ठणका असतो, लाली असते, आणि योग्य अँटिबायोटिकने दोन-तीन दिवसांत उतार पडू लागतो. उतार पडत नसेल तर औषध बदलत राहू नका, आत काय आहे ते बघा. गळू असेल तर तेही सोनोग्राफीतच दिसेल. "पाजणं बंद झाल्यावर बघू" हे वाक्य तर आपल्या तोंडातून कायमचं जावं. आपल्याकडे बायका दोन-दोन वर्षं पाजतात.

गरोदर बाईची सोनोग्राफी म्हटलं की सगळ्यांना पोटच आठवतं. स्तनाचीही करता येते, तिचा बाळाला काही त्रास नाही. गरज पडली तर पोटावर संरक्षक कवच ठेवून मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रेही करता येतो. भरल्या स्तनात त्याचं चित्र जरा धूसर येतं, म्हणून सुरुवात सोनोग्राफीने. शंका उरली तर जाड सुईची बायोप्सी, जागेवर भूल देऊन. त्या जागेतून दूध झिरपत राहील ही भीती असते, पण तसं क्वचितच होतं. आणि एक बारीकशी गोष्ट जी बहुतेक वेळा राहून जाते: लॅबच्या फॉर्मवर बाई गरोदर आहे की पाजतेय ते ठळक लिहा. दूध तयार करणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एरवीपेक्षा वेगळ्या दिसतात. पॅथॉलॉजिस्टला हे माहीत नसेल तर साध्याचं भलतं किंवा भलत्याचं साधं होऊ शकतं. बारीक सुईच्या तपासणीत तर जास्तच.

निदान झालंच, तर घरात दोन सल्ले निघतात. एक म्हणतो, मूल खाली होऊ दे मग बघू. दुसरा म्हणतो, आधी मूल पाडा. दोन्ही सल्ले बहुतेक वेळा चुकीचे, आणि हे घरच्यांना तुमच्याच तोंडून कळायला हवं. गर्भपात केल्याने आईचं आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. ऑपरेशन गरोदरपणात करता येतं. केमोथेरपी पहिले तीन महिने टाळतात, पुढे नेहमीची काही औषधं देता येतात, आणि बाळंतपणाच्या तीनेक आठवडे आधी थांबवतात, म्हणजे आईच्या रक्तातल्या पेशी तोवर सावरतात. शेक, आणि टॅमॉक्सिफेन व ट्रास्टुझुमॅब ही कॅन्सरची औषधं मात्र बाळंतपणानंतरच. गरोदरपणात आईला कॅन्सर होता अशा १२९ मुलांचा पाठपुरावा युरोपात झाला, २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेकांच्या आयांना गरोदरपणात केमो मिळाली होती. मुलांची वाढ आणि बुद्धी इतर मुलांसारखीच होती. अडचण आली ती मुख्यतः दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांना. म्हणून शक्य असेल तर उगाच लवकर प्रसूती करू नये.

केमो चालू असताना पाजता येत नाही. पण गाठीच्या बाजूचं दूध आधी प्यायल्याने बाळाला कॅन्सर "लागेल" ही भीती निराधार आहे. हेही सांगा, कारण त्या बाईला रात्री झोप लागत नाही ती या विचाराने. आणि गर्भपात झाला होता किंवा करवून घेतला होता म्हणून हे झालं, असं कुणी तिला ऐकवत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. १६ देशांतल्या ५३ अभ्यासांचा हिशेब २००४ मध्ये लागला, तसा काही संबंध निघाला नाही.

बरी झाल्यावर पुन्हा मूल होऊ द्यावं का, हा प्रश्न आपल्याकडे बाईपेक्षा सासूच जास्त विचारते. ज्यांचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा असतो त्यांना पाच ते दहा वर्षं हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या असतात, त्यात वय निघून जातं. अशा पाचशेवर बायकांनी दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेऊन मग मुलासाठी तात्पुरत्या थांबवल्या, त्याचे निकाल २०२३ मध्ये आले. तीन वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण ८.९ टक्के निघालं, गोळ्या न थांबवणाऱ्यांशी तुलना केली तर तितकंच. पुढची वर्षं अजून बघायची आहेत, पण "आता मुलाचं नावही काढू नका" असं सरसकट सांगायचे दिवस गेले. हे कॅन्सरच्या डॉक्टरांशी बसून ठरवायचं, शेजारणीशी नव्हे.

आता आपल्या व्यवस्थेबद्दल. सरकारी तपासणी मोहिमेत स्तनाची तपासणी तिशीपासून पुढे आहे. आपल्या पोरी विशी-पंचविशीत बाळंत होतात, म्हणजे त्या मोहिमेत बसत नाहीत. गरोदरपणात स्तन बघितलेच तर बोंडं आत वळलेली आहेत का एवढंच बघतात. थोडक्यात, ज्या काळात बाईचा दवाखान्याशी आयुष्यातला सर्वांत जास्त संबंध येतो, त्याच काळात तिची छाती कुणी गाठीसाठी चाचपत नाही.

तिशीच्या आतल्या सगळ्यांची मॅमोग्राफी करा असं मी म्हणत नाही, ते शास्त्राला धरूनही नाही. मी हात आणि एक प्रश्न मागतेय. हाताचं मोल मुंबईत दिसून आलं आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखावर बायकांवर चाचणी केली. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या बायकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. २०२१ ला वीस वर्षांचे निकाल आले: आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. त्या बायका ३५ ते ६४ वयाच्या होत्या, पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत, बाळंतिणींचं तर गणितच निराळं, हे मला माहीत आहे. पण डॉक्टर नसलेला शिकवलेला हात गाठ ओळखू शकतो, एवढं त्यातून नक्की होतं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्वाचा दिवस असतो. गर्दी किती असते ते मी बघितलं आहे. वजन, बीपी, रक्त, पोट, पुढची. ब्लाऊजची बटणं काढायला तिथे ना वेळ असतो ना आडोसा. एक दोरी आणि एक पडदा, एवढ्यावर अडलेलं आहे. बाकी एक मिनिटाचं काम.

आशाताई, बाळंतपणानंतर तुम्ही ४२ व्या दिवसापर्यंत घरी जाता, आणि पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यालाही जाता. सगळं बाळासाठी. त्याच भेटीत आईला एवढं विचारा: "छातीत किंवा काखेत गाठ लागते का? किती दिवस झाले?" बोंडातून रक्त येतं का, कातडी ओढल्यासारखी झालीय का, हेही. दोन आठवड्यांच्या वर म्हणाली तर सिस्टरला कळवा. गरोदरपणाच्या शेवटी चिकात थोडं रक्त येऊन आपोआप थांबूही शकतं, पण थांबलं नाही तर दाखवायचं.

माहेर-सासर हा आपल्याकडचा खास घोळ. पहिलटकरीण सातव्यात माहेरी जाते, तिकडच्या सिस्टरला गाठ दाखवते, आणि बारसं आटोपून महिन्या-दोन महिन्यांत सासरी परतते. माहेरच्या आशाला वाटतं सासरी बघतील, सासरच्या आशाच्या तर कानावरही नसतं. गाठ दिसली की माता-बाल कार्डावर तारीख, बाजू आणि आकार लिहा. ते कार्ड लसीसाठी तरी बाईबरोबर प्रवास करतंच. जत, आटपाडीकडच्या ज्या बायका तान्ही पोरं घेऊन ऊसतोडीला जातात, त्यांची तपासणी दसऱ्याच्या आत उरका. एकदा टोळी गेली की उन्हाळ्यापर्यंत भेट होत नाही.

मिरजेला १८९४ पासून मिशनचं इस्पितळ आहे. कर्नाटकातून लोक उपचारांसाठी इकडे येतात. सोनोग्राफीची, बायोप्सीची, कॅन्सरच्या उपचारांची सोय जिल्ह्यातच आहे, आणि उपचारांना महात्मा फुले योजनाही लागू होते. जतच्या बाईला मिरजेला यायचं तर एक रोजगार बुडतो, एसटीचं भाडं पडतं, आणि पोराला कुठे ठेवायचं हा प्रश्न असतो. त्यामुळे "मिरजेला दाखवा" एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या वारी, कुठल्या खिडकीवर, काय कागद घेऊन जायचं ते चिठ्ठीवर मराठीत लिहून द्या, आणि आठवड्याने आशाताईंनी फोन करून विचारावं, गेली होतीस का.

कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला सिस्टर आणि आशाताईंना हाताने तपासणी कशी करायची हे शिकवून हवं असेल, तर मी यायला तयार आहे. सिलिकॉनचं मॉडेल माझ्याकडे आहे. मानधन नको, फक्त पडदा आधी लावून ठेवा.

कळावे,

आपली,
एक निवृत्त नर्सिंग शिक्षिका, मिरज